जोळाचा डोंगल

सव्वाअकराला उबेद खुर्चीतून उठला, काचेबाहेर बघितलं आणि पुन्हा बसला. कृष्णाबाईला तेवढंच पुरलं. दिवसाचे दहा तास एका खुर्चीला चिकटून बसणारा हा माणूस, तो उगाच उठायचा नाही.

"काय झालं रं?"

"मावशी, आपला डोंगल कुठाय?"

"जोळात हाय."

"जोळात म्हणजे कुणाकडं? नाव सांगा."

"जगनकडं. या महिन्याला बारी त्याची हाय."

उबेदनं दोन्ही हात डोक्याला लावले. मग स्क्रीन तिच्याकडं वळवली. तिला त्यातलं काही वाचता येणार नव्हतं हे त्याला माहीत होतं, तरी वळवली. "आपण गेल्या बुधवारी टेंडर भरलं ना? ते आता रद्दीत गेलं. परवा शुद्धीपत्रक निघालंय, दराचा तक्ता बदललाय. जुन्या तक्त्यावर भरलेलं कुणाचंच धरणार नाहीत. आज तीनच्या आत परत भरायचं. मुदत वाढवलेली नाय. आणि डोंगलाशिवाय सही नाय."

"परवा निघालं, तर आज सांगतोस?"

उबेदचे कान लाल झाले. दोन दिवस तो म्हसळ्याला होता, आत्याच्या मयतीला. लॅपटॉप उघडला नव्हता.  कृष्णाबाईला आत्या गेल्याचं ठाऊक होतं. तिनं पुढं काही विचारलं नाही.

आता हा डोंगल म्हणजे काय आणि तो जगनकडं का, हे सांगितल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही. नाहीतर शहरातला माणूस म्हणेल, काय अडाणी बाई आहे! अडाणी बिडाणी काही नव्हती.

खारनेवरे हे पेण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. गावाची शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये उभा असतो तो मातीचा बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडणारं आणि खाडीचं पाणी बाहेरच अडवणारं दार. हा बांध कुणा एकाचा नव्हे. ज्यांची ज्यांची शेतं त्याच्या आड, त्या सगळ्यांचा मिळून जोळ. बांधाला भोक पडलं तर घरटी एक माणूस. उघाडीच्या दाराची चावी महिन्याला एका घरी, अमावास्येला पुढच्या घरी. चावी देताना दोन साक्षीदार. बारी चालू असताना चावी रिकाम्या घरात ठेवायची नाही. हे कुठं लिहिलेलं नाही. पण खारनेवऱ्यात एखादा माणूस बापाचं श्राद्ध चुकवेल, चावीची बारी चुकवणार नाही.

कृष्णाबाई सतराव्या वर्षी या गावात आली. माहेरी मिठागरावर काम केलेलं, त्यामुळं पायांना खारं पाणी नवं नव्हतं. नवरा गुणाजी तापानं गेला त्याला वीस वर्षं झाली. दोन मुली, दोन्ही सासरी. मागं उरलं वीस गुंठे शेत, तेही बांधाला अगदी लागून. गावात म्हण आहे, बांधाकडचं शेत नि रागीट सासू, दोन्ही आधी कळत नाहीत. तिला दोन्ही मिळाली होती, आणि दोन्ही तिनं निभावली.

तीन वर्षांपूर्वी भादव्याच्या उधाणात बांध फुटला. चाळीस फुटांची खांड पडली, नेमकी तिच्या शेताच्या तोंडाशी. शंभर एकरांत खारं पाणी. सरकारनं दुरुस्ती काढली, कुणा लांबच्या ठेकेदारानं डंपरनं लाल मुरूम आणून टाकला, फोटो काढले आणि गेला. दुसऱ्या वर्षीच्या उधाणानं मुरूम असा काही नेला की बघणाऱ्याला वाटावं इथं कधी काही टाकलंच नव्हतं. जोळानं तेवढ्यापुरता कच्चा बांध घालून रोजची भरती अडवली, पण मोठ्या उधाणाला तो टिकणारा नव्हता. खाडी मुरमानं थांबत नाही. तिला चिकण माती लागते, काळी, बोटाला धरून ठेवणारी. तिच्या ढेपा कापायच्या, मध्ये पेंढा घालायचा, पायानं तुडवायच्या. हे त्या ठेकेदाराला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कागदात मुरूमच लिहिला होता.

तेव्हा कृष्णाबाई जोळाच्या बैठकीत म्हणाली, "काम आपल्या बांधाचं, हात आपले. मग कागद दुसऱ्याचा का?"

लोक हसले. टेंडर म्हणजे गाडी, गॉगल आणि दोन फोनवाल्यांची गोष्ट, अशी गावाची समजूत. पण हिनं मागं लागून गावातल्या बायकांची मजूर संस्था नोंदवली. पूर्वी कामाची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागायची आणि तिथं रोज चहा पिणाऱ्यांनाच दिसायची. आता सगळं संगणकावर येतं, ज्याला बघायचं त्यानं बघावं, हे तिला उबेदकडून कळलं. उबेद नऊ वर्षं कुवेतला एका कंपनीच्या खरेदी विभागात होता. वडील कमरुद्दीन अंथरुणाला खिळले म्हणून परत आला आणि पेणच्या स्टँडामागं गाळा घेतला. दर मंगळवारी कृष्णाबाई तिथं यायची, बाकावर बसायची आणि म्हणायची, "बघ बाबा, आपल्या अंगाचं काय निघालंय का." तो कार्यालय निवडून, तालुका निवडून, यादी वाचून दाखवायचा. शाळेची कंपाउंड भिंत, गटार, स्मशानशेड. एक वर्ष असं गेलं. मधल्या काळात त्यांनी दोन लहान गटारं भरली, एक मिळालं, आणि संस्थेच्या नावावर काम झाल्याचा दाखला आला. दाखल्याशिवाय मोठ्या कामाला उभं करत नाहीत, हेही उबेदनंच सांगितलेलं.

मग एका मंगळवारी खारनेवऱ्याचा बांध निघाला. पहिल्या दोन वेळेला पुरेसे लोक आले नाहीत म्हणून पुन्हा काढला. ही तिसरी वेळ. तिसऱ्या वेळेला एकच टेंडर आलं आणि ते नियमात बसलं, तरी देतात. त्यापुढं पावसाळा होता. यंदा नाही झालं, तर भादव्यात खाडी गावात आणि शंभर एकर पुढची कित्येक वर्षं मिठात.

आणि डोंगल? डोंगल म्हणजे बोटाएवढी निळी पेनड्राइव्हसारखी वस्तू. तिच्यात कृष्णाबाईची डिजिटल सही. ती संगणकाला लावल्याशिवाय टेंडर भरता येत नाही. बुधवारी टेंडर भरून झालं तेव्हा उबेद म्हणाला, मावशी हा जपून ठेवा, संस्थेचा जीव यात आहे. कृष्णाबाईनं विचार केला. संस्थेचा म्हणजे गावाचा. गावाची वस्तू तिनं एकटीनं घरात ठेवायची? कपाटात कुलूप लावून? मग ती नि तो मुरूमवाला ठेकेदार यांत फरक काय राहिला! तिनं डोंगल उघाडीच्या चावीबरोबर बारीत लावला. दोन साक्षीदारांसमोर जगनच्या हातात दिला आणि बजावलं, "याला अंगावेगळं करू नकोस."

जगन हा खारनेवऱ्यातला सगळ्यात आज्ञाधारक माणूस. हेच आता आडवं आलं.

"फोन लावतो," उबेद म्हणाला. फोन जगनच्या सुनेनं उचलला. "मामंजी नाय घरी. अष्टमी गावाला बहिणीकडं गेले, भाचीचा साखरपुडा हाय. फोन हितंच चार्जिंगला राह्यला."

"चावी?" कृष्णाबाईनं फोन हिसकावून घेतला. "गो, बारीची चावी कुठं हाय?"

"चावी शेजारच्या घरी देऊन गेले, बारी पुढं करून. ती निळी हाय ना, ती गळ्यात घालून गेले. म्हणले, कृष्णाबाय बोलली अंगावेगळं करू नको."

कृष्णाबाईनं फोन ठेवला आणि पदर कमरेला खोचला. "गाडी काढ."

पेणहून अष्टमी म्हणजे नागोठण्यावरून चाळीसेक किलोमीटर. एस.टी.चा भरवसा नाही आणि हायवेचं काम तर जन्मापासून चाललेलं. उबेदनं लॅपटॉप पिशवीत टाकला. अष्टमीत त्याच्या चुलतबहिणीचं, सहरचं, ऑनलाइन अर्ज भरण्याचं केंद्र होतं. तिथं नेट चांगलं, प्रिंटर, स्कॅनर सगळं. कृष्णाबाई कागदांची फाइल छातीशी धरून मोटारसायकलवर एका अंगाला बसली. अठ्ठावन्न वर्षांत ती तिसऱ्यांदा मोटारसायकलवर बसत होती. पहिल्या दोन्ही वेळेला दवाखान्यात जायचं होतं.

वडखळ सुटल्यावर वाऱ्यात उबेद ओरडला, "मावशी, दर लागेल! आधीचा दर मुरमाचा होता. आता तक्त्यात चिकण माती आलीय. घनमीटरला किती?"

"मातीच झाली?" ती एकदम पुढं झुकली. "मुरूम काढला?"

"काढला! तुमच्यामुळंच काढला!"

महिन्यापूर्वी टेंडरआधीची बैठक होती. कुणाला काही शंका असेल तर विचारा, अशी ती बैठक. पंधरा ठेकेदार आले होते, बहुतेक चहा पिऊन मोबाइल बघत होते. उबेदशेजारी बसलेली कृष्णाबाई उभी राहिली आणि तिनं विचारलं, "साहेब, मुरूम घालून खाडी थांबलेली तुम्ही कुठं बघितली का?" दोघं-तिघं हसले. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, तुम्ही काय घालता? तिनं सांगितलं. साहेबांनी विचारलं, एवढी चिकण माती आणणार कुठून? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "खांडीच्या लगतच्या शेतातून. जोळाची रीत हाय तशी." साहेबांनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर प्रविणशेठ नावाच्या ठेकेदारानं तिला गाठलं होतं. "आजी, कशाला त्रास घेता? टेंडर भरा, पण आम्ही सांगू तो दर टाका. काम आम्हाला येईल, मजुरी तुमच्या बायकांना." ती म्हणाली होती, "जोळात खोटी बारी नसते, शेठ." प्रविणशेठला जोळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तो हसून गेला.

म्हणजे जे शुद्धीपत्रक आज त्यांच्या मुळावर आलं होतं, ते तिनंच मागितलेलं होतं. स्वतःच मागावं आणि स्वतःलाच बाधावं! कृष्णाबाईला हसू येणार होतं, पण नागोठण्याच्या अलीकडं गाड्यांची रांग दिसली आणि हसू घशातच राहिलं.

उबेदनं गाडी रांगेच्या कडेनं खडीवरून घातली. एका टँकरच्या चाकाजवळून जाताना कृष्णाबाईनं डोळे मिटले आणि दराचा हिशोब सुरू केला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. घनमीटर तिला कळत नव्हता. तिला भांग कळत होती. भांगेच्या दिवसांत भरतीचा जोर कमी, तेव्हाच खांड बुजवायची. एका भांगेत सहा दिवस. दिवसाला ओहोटीचे चार तास. वीस बायका, बारा बाप्ये. एका ढेपेला दोन हात. ती मोठ्यानं बोलत गेली आणि उबेद गाडी चालवता चालवता तिच्या भांगांचे घनमीटर करत गेला. नागोठणं मागं पडलं तेव्हा दर निघाला होता. उबेद म्हणाला, "कमी धरलात." ती म्हणाली, "खरा धरला."

अष्टमीत जगनच्या बहिणीच्या दारात पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दारात रांगोळी, आत एक म्हातारी आणि झोपलेलं पोर. "सगळी रोह्याला गेली," म्हातारी म्हणाली. "हॉल तिकडं घेतलाय, पुलापलीकडं." उबेदच्या तोंडून काहीतरी निसटलं. तो उर्दूत बोलला म्हणून बरं, म्हातारीला समजलं नाही.

कुंडलिकेवरचा पूल ओलांडून हॉल शोधायला आणखी वीस मिनिटं गेली. रोह्यात त्या दिवशी हॉलमध्ये तीन कार्यं होती आणि तिन्ही दारांत सारखेच फुगे. तिसऱ्या हॉलमध्ये पंगत बसली होती. जगन दुसऱ्या ओळीत, नवा सदरा, पानात जिलबी. कृष्णाबाईला बघून तो घास हातात धरून उभा राहिला.

"डोंगल," ती म्हणाली. तिला धाप लागली होती.

जगननं डाव्या हातानं सदऱ्याचं बटण काढलं. गळ्यात काळा दोरा, दोऱ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीची पुरचुंडी, त्यावर रबर, त्यावर मेण. खाऱ्या हवेत चावी गंजू नये म्हणून जसं करतात, अगदी तसं. "आंघोळीला पण काढला नाय," तो अभिमानानं म्हणाला.

कृष्णाबाईला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याची दयाही आली. चूक त्याची कुठं होती? जे सांगितलं ते त्यानं केलं. तिनं हात पुढं केला. जगननं दोरा धरून ठेवला.

"साक्षीला दोघं लागतात."

"जगन, तीन वाजता सगळं बंद होनार हाय!"

"लागतात म्हंजे लागतात. तूच शिकवलंस."

उबेदनं वाढप्याला दंडाला धरून ओढलं. "हा एक, मी एक. द्या आता." वाढप्या वरणाची बादली घेऊन साक्षीला उभा राहिला. डोंगल कृष्णाबाईच्या हातात आला. पण जगन परत पानावर बसला नाही. कामाचं काही आहे एवढं त्याला कळलं होतं. तो बहिणीला न सांगताच मोटारसायकलवर तिसरा बसला, आणि त्याची बहीण पुढं वर्षभर त्याच्याशी नीट बोलली नाही.

सहरच्या केंद्रात पोचले तेव्हा दोनला दहा कमी होती. सहरनं गिऱ्हाइकांना बाहेर बसवलं. कृष्णाबाईनं नखानं मेण काढलं. डोंगल लावला. निळा दिवा लागला. 

पिन फक्त कृष्णाबाईला ठाऊक. आठ आकडे, खांड पडली तो दिवस, महिना आणि साल. कुणाला सांगायचा नाही असं उबेदनंच शिकवलेलं, म्हणून तिनं कुणाला टंकू दिला नाही. एका बोटानं, प्रत्येक आकडा शोधून, तिनं तो स्वतः घातला. उबेद भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आतलं पान उघडलं.

पुढची पंचवीस मिनिटं हात चालत राहिले. जुनं टेंडर मागं घेतलं. नवा तक्ता उतरवला. उबेदनं दर भरला, तीनदा वाचून दाखवला, तिनं तीनदा मान हलवली. बयाणा आधीच भरलेला होता, तो चालणार होता. कागदांचा पहिला लिफाफा पुन्हा चढवायला घेतला, आणि शुद्धीपत्रकाचं दुसरं पान वाचता वाचता सहर थांबली.

"उबेदभाई, हे वाचलंत? एक कागद जास्तीचा मागितलाय."

उबेदनं वाचलं. त्याचा चेहरा असा उतरला की जगनसुद्धा खुर्चीतून उठला.

"चिकण माती खांडीलगतच्या क्षेत्रातून घ्यावी," उबेद सावकाश वाचू लागला. "त्यासाठी जमीनमालकाचं लेखी संमतीपत्र पहिल्या लिफाफ्यात जोडणं बंधनकारक. संमतीपत्र नसल्यास टेंडर अपात्र." त्यानं घड्याळ बघितलं. दोन एकोणीस. "संपलं, मावशी. खारनेवऱ्याला जाऊन मालक शोधून सही आणायला दोन तास लागतील. माझ्यामुळं झालं हे. परवा बघायला पाहिजे होतं मी." त्याचा आवाज फाटला. एवढा मोठा बाप्या, डोळे भरून आले त्याचे.

कृष्णाबाई जमिनीकडं बघत होती. 

जगनला आधी कळलं. शेवटी तो जोळातला माणूस. "नाय," तो म्हणाला. "नाय, कृष्णाबाय. ते नाय करायचं."

"काय नाय करायचं?" उबेदनं विचारलं.

"खांडीलगतचं शेत हिचं हाय. एकलं तेवढंच हाय हिला."

 उबेदनं तिच्याकडं बघितलं. त्या बैठकीत साहेबांच्या प्रश्नावर ती क्षणभर का थांबली होती, ते त्याला आता समजलं. तेव्हाच तिनं देऊन टाकलं होतं.

चिकण मातीसाठी शेत खणलं की तिथं पुरुषभर खोल खड्डा राहतो. त्यात पाणी साठतं, मग ते शेत शेत राहत नाही. पुढची पंधरावीस वर्षं तर नाहीच. आणि ह्या शेतासाठी तिनं काय केलं नव्हतं! खांड पडल्यावर शेत पांढरं पडलं होतं मिठानं. तीन पावसाळे तिनं गोडं पाणी कोंडून, सोडून, कोंडून, सोडून ते मीठ धुतलं. गेल्या वर्षी एका कोपऱ्यात खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या राता भाताच्या लोंब्या आल्या, ओंजळभर. ते दाणे तिनं खाल्ले नाहीत, बियाणं म्हणून मडक्यात ठेवले.

"दुसऱ्या कुणाचं घेऊ," जगन म्हणाला. "गिरजाबाईचं हाय पलीकडं."

"गिरजाबाईला तीन नातवंडं हायेत. आणि तिचं लगतचं नाय, एक बांधोळी सोडून हाय. कागदात लगतचं लिवलंय." कृष्णाबाईनं पदरानं चेहरा पुसला. "ज्याच्या तोंडाशी खांड, त्याची माती. ही रीत माझ्या सासऱ्याच्या आधीची हाय. मी बदलू? माझ्यावर आली म्हणून?"

"पण मावशी, तुम्ही खाल काय?" हे सहर बोलली. अर्ध्या तासापूर्वी तिनं या बाईला पहिल्यांदा पाहिलं होतं.

"मजुरी करीन. आजवर काय केलं?" तिचा आवाज चढला. तो राग कुणावर होता ते तिलाही सांगता आलं नसतं. "कागद दे गो. लवकर दे. तीन वाजतील."

सहरनं कोरा कागद दिला. मजकूर उबेदनं सांगितला, सहरनं लिहिला. मी कृष्णाबाई गुणाजी म्हात्रे, राहणार खारनेवरे, माझ्या मालकीच्या वीस गुंठे जमिनीतून. कृष्णाबाईनं पेन घेतलं. चौथीपर्यंत शिकलेली, सही मोडकीतोडकी पण स्वतःची. 'कृष्णा' लिहून झाल्यावर पेन थांबलं. मडक्यातलं ते ओंजळभर भात तिच्या डोळ्यांसमोर आलं असेल. तिनं ओठ दाबले आणि सही पुरी केली. जगननं साक्षीदार म्हणून खाली नाव लिहिलं. साक्षीला दोघं लागतात म्हणून उबेदनंही सही केली.

सातबाराची प्रत फाइलमध्ये होतीच. स्कॅन, चढवणं, पुन्हा पिन, पुन्हा तिचं एक बोट. दोन त्रेपन्नला चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. चौपन्न. पंचावन्न. जगन कधीचा हात जोडून उभा होता. उबेद काहीतरी पुटपुटत होता. दोन सत्तावन्नला पान हललं आणि पावती आली. सहरनं ती छापून कृष्णाबाईच्या हातात दिली. कृष्णाबाईनं कागद उलटासुलटा बघितला, घडी घातली आणि मग केंद्राच्या बाकावर बसून ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

नवव्या दिवशी लिफाफे उघडले. एकूण चार टेंडरं. दोन जुन्या तक्त्यावरची होती, ती तिथंच गेली. प्रविणशेठचा तक्ता नवा होता, पण संमतीपत्र नव्हतं. खारनेवऱ्यातलं कुणीही त्याला शेत देणार नव्हतं, आणि त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं. तिसरी वेळ होती, एक टेंडर पुरे होतं. काम खारनेवऱ्याच्या बायकांच्या संस्थेला मिळालं. दर तिनं खरा धरला होता, त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

त्या अमावास्येला जोळ बसला. लोक म्हणाले, डोंगल आता कृष्णाबाईच्याच घरी राहू दे, हा घोळ पुन्हा नको. ती नाही म्हणाली. डोंगल बारीतच राहील. फक्त रीत थोडी वाढवायची. ज्याची बारी, त्यानं रोज सकाळी उबेदला फोन करायचा, काही निघालं का, काही बदललं का. आणि साखरपुड्याला जायचं असेल तर दोन्ही वस्तू पुढच्या घरी द्यायच्या, एक नाही. सगळे जगनकडं बघून हसले. जगनही हसला.

भांग लागली त्या दिवशी ओहोटीला अख्खा जोळ बांधावर आला. वीस बायका, बारा बाप्ये, आणि न सांगता आलेली आणखी चाळीस माणसं. उबेद दुकान बंद करून आला होता, पँट गुडघ्यापर्यंत वळवून. शेतापासून खांडीपर्यंत हातांची रांग लागली. खोरं कुणीच उचलेना. सगळे कृष्णाबाईच्या शेताच्या कडेला उभे आणि एकमेकांची तोंडं बघत. पहिला घाव कुणी घालायचा?

कृष्णाबाईनं जगनच्या हातातलं खोरं घेतलं. ज्या कोपऱ्यात लोंब्या आल्या होत्या, तिथं ती गेली. "हितली माती सगळ्यात चांगली हाय," ती म्हणाली, "मी धुतलीय." तिनं खोरं मारलं. काळी चिकण ढेप अख्खी सुटली, जड, ओली. ती दोन्ही हातांनी उचलून तिनं जगनकडं दिली.

"घे रं. बारी तुझी."

जगननं ती पुढं दिली, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला, आणि तिचं शेत हातोहात खांडीकडं चाललं.